पॅरा खेळांचं प्रशिक्षण केंद्र पाहायला जाताना : काय मोजायचं, काय विचारायचं, परत येऊन इथे काय उभारायचं

बोरीकाठ
राम राम मंडळी. अमळनेर-पारोळा भागातून ९ खेळाडू आणि ५ सोबती असा गट केंद्र पाहायला न्यायचा आहे. दोन ठिकाणं डोळ्यासमोर आहेत : गांधीनगरचं भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं (साईचं) केंद्र आणि ग्वाल्हेरचं अटल बिहारी वाजपेयी दिव्यांग क्रीडा प्रशिक्षण केंद्र.

गट असा : पॅराप्लेजियाचे (कमरेखालचं अंग लुळं पडलेले) ३, मानेच्या मणक्याला इजा झालेला १ (हे चौघं व्हीलचेअरवर), गुडघ्याखाली कृत्रिम पाय असलेली १, पोलिओचा कॅलिपरवाला १, पूर्ण अंध २ आणि सेरेब्रल पाल्सीची (मेंदूतल्या इजेमुळे हालचालीवर परिणाम झालेली) १ मुलगी. बसून फेकीचे प्रकार, पॉवरलिफ्टिंग, धावणं आणि बोचिया (बसून चेंडू लक्ष्याजवळ टाकायचा खेळ) यांत रस आहे.

कागदपत्रं, प्रवास, तिथे नेमकं काय पाहायचं आणि आल्यावर आपल्या क्रीडा संकुलात काय करता येईल, चारही बाबतींत जाणकारांनी सांगावं. फाटकापाशी गटाचा फोटो काढून परत यायचं नाही.

पांझरा_धुळे
बोरीकाठ भाऊ, आधी एक गोष्ट पक्की करा. भेट कशासाठी? नुसतं पाहण्यासाठी, खेळाडूची चाचणी व्हावी म्हणून, की प्रशिक्षकांकडून शिकण्यासाठी? पत्रात एकच हेतू स्पष्ट लिहा. तिन्ही लिहिले की पत्र तीन टेबलांवर फिरतं आणि कुठेच मुक्कामाला लागत नाही.

ही निवासी केंद्रं आहेत. निवडलेले खेळाडू तिथे राहून सराव करतात, त्यामुळे अचानक जाऊन आत सोडतील असं धरू नका. किमान ३-४ आठवडे आधी पत्र पाठवा. सोबत प्रत्येकाचं ओळखपत्र, स्वावलंबन कार्डाची (दिव्यांगत्वाच्या सरकारी कार्डाची) प्रत, गाडीचा प्रकार आणि एक तक्ता जोडा. तक्त्यात प्रत्येक खेळाडूपुढे खुर्चीची एकूण रुंदी, जमिनीपासून आसनाची उंची, उचलून बसवावं लागतं का, मदतनीस पुरुष हवा की स्त्री, आणि कोणता खेळ एवढं असू द्या. हा तक्ता पाहिल्यावर समोरचा माणूस "या, बघू" म्हणत नाही, तळमजल्यावरच्या खोल्या मोजायला लागतो.

वेळ सरावाची मागा, सकाळी लवकर किंवा चारनंतर. दुपारी १२ ला पोहोचलात तर रिकामं मैदान आणि कुलूपबंद सामानखोली दिसेल. रविवार टाळा.

आता वर्गवारी, कारण सगळ्यात मोठा गोंधळ तिथेच होतो. स्वावलंबन कार्डावरची टक्केवारी आणि खेळातला वर्ग यांचा थेट संबंध नाही. ४० टक्के असो की ९० टक्के, खेळाचा वर्गवारी करणारा गट शरीराचं काम तपासतो : स्नायूंची ताकद, सांध्याची हालचाल, तोल. पॅरालिम्पिकमध्ये १० प्रकारच्या दुर्बलता पात्र धरतात : स्नायूंची ताकद कमी असणं, सांध्याची हालचाल मर्यादित असणं, अवयव नसणं, पायांच्या लांबीत फरक, कमी उंची, स्नायूंचा ताठपणा, अटॅक्सिया (हालचालींचा ताळमेळ नसणं), अ‍ॅथेटोसिस (आपोआप होणाऱ्या हालचाली), दृष्टिदोष आणि बौद्धिक दुर्बलता. कर्णबधिरांसाठी डेफलिम्पिक वेगळं आहे. हे आपल्याकडे शाळांनासुद्धा ठाऊक नसतं, आणि मुलं चुकीच्या फॉर्मवर वर्ष घालवतात.

शिवाय प्रत्येक वर्गाला प्रत्येक प्रकार खुला नसतो. तुमच्या मानेच्या इजेच्या खेळाडूची हाताची पकड गेली असेल तर तो बहुधा एफ ५१ किंवा ५२ च्या आसपास येईल (एफ म्हणजे फेकीचे वर्ग, टी म्हणजे धावण्या-उडीचे). एफ ५१ ला क्लब थ्रो आहे, भाला नाही. क्लब म्हणजे ३९७ ग्रॅमचं मुद्गलासारखं लाकूड. पॅरिस २०२४ ला याच वर्गात धरमबीरने ३४.९२ मीटरवर सुवर्ण घेतलं आणि प्रणव सूरमाने रौप्य. आपल्या सांगली जिल्ह्याच्या सचिन खिलारीचं त्याच स्पर्धेतलं १६.३२ मीटरचं रौप्य उभ्याने गोळाफेकीतलं होतं, वर्ग एफ ४६, म्हणजे हाताची दुर्बलता. गोळा पाहिजे, भाला पाहिजे, हे खेळाडूच्या आवडीआधी वर्ग ठरवतो.

म्हणून प्रत्येकाची फाईल सोबत न्या : एमआरआय किंवा सीटीचे अहवाल, शस्त्रक्रियेचे कागद, अंध खेळाडूंचा नेत्रतज्ज्ञाचा ताजा अहवाल. तिथला प्रशिक्षक अधिकृत वर्ग देणार नाही, पण अनुभवी नजर "हा या दोन वर्गांपैकी एकात येईल" इतकं सांगू शकते. पुढचं वर्ष कशावर घालवायचं ते त्यावर ठरवता येतं.

बोरीकाठ
सेरेब्रल पाल्सीच्या मुलीचं बोचिया ठरवलंय. बरोबर आहे ना?

पांझरा_धुळे
ती चालते का? बोचिया चारही अवयवांवर मोठा परिणाम असलेल्या, व्हीलचेअर वापरणाऱ्या खेळाडूंसाठी आहे, वर्ग बीसी १ ते बीसी ४. चालत असेल तर तिची जागा धावण्याच्या टी ३५ ते टी ३८ मध्ये किंवा उभ्याच्या फेकीत आहे का, ते आधी बघा.

बोरीकाठ
चालते. एका बाजूचा हात-पाय कमी चालतो.

पांझरा_धुळे
मग बोचिया नाही. टी ३७ च्या दिशेने विचारा. १०० मीटर, २०० मीटर आणि लांब उडीचा सराव बघा, आणि तिला तिथल्या सेरेब्रल पाल्सीच्या धावपटूंजवळ बसू द्या.

भुसावळ_यार्ड
प्रवासाचं मी सांगतो.

ग्वाल्हेरला पंजाब मेल भुसावळ, खंडवा, इटारसी, भोपाळ, झाशी अशी थेट जाते. गांधीनगरसाठी सुरत-भुसावळ मार्गाची नवजीवन एक्स्प्रेस अहमदाबादपर्यंत, पुढे गाडी करून जा. अमळनेरहून गांधीनगर सोपं. ग्वाल्हेरला जायचं तर व्हीलचेअरवाल्यांना भुसावळहूनच चढवा. लहान स्टेशनावरच्या दोन मिनिटांत चार खुर्च्या चढत नाहीत.

सवलत : सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या अस्थिव्यंग आणि पूर्ण अंध प्रवाशांना स्लीपर आणि थ्री एसीला ७५ टक्के, टू एसी आणि फर्स्ट एसीला ५० टक्के, सोबत्यालाही तेवढीच. ऑनलाइन तिकिटासाठी रेल्वेचं स्वतःचं दिव्यांग कार्ड आधी काढून ठेवा. त्याला सरकारी डॉक्टरांचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं, आणि अर्ज गेला की वेळ जातो. ९ जणांचे अर्ज एकदमच टाका.

दिव्यांगांचा डबा गाडीच्या टोकाला असतो. दार रुंद, संडास मोठा. पण तो टोकाला असल्याने प्लॅटफॉर्मचं छप्पर तिथवर पोहोचत नाही, आणि डबा पुढच्या टोकाला येणार की मागच्या, हे गाडी येईपर्यंत कळलं नाही तर धावाधाव होते. सूचना फलकावरची डब्यांची रचना बघा, हमालाला विचारा, गाडीआधी अर्धा तास तिथे जाऊन थांबा.

स्लीपर किंवा एसीचं तिकीट काढलं तर नेहमीची व्हीलचेअर दारातून सरळ जात नाही. मागची चाकं झटपट निघणारी असतील तर काढून खुर्ची आडवी घ्या. निघणारी नसतील तर दोघांनी खेळाडूला उचलून बर्थवर, खुर्ची घडी करून दाराजवळ साखळीने बांधा. चाकं काढताना आसाची खीळ हरवते. एक जास्तीची खीळ आणि ५-६ मिमीचे अ‍ॅलन पाने सोबत ठेवा.

मापपट्टी
तिथे पोहोचल्यावर काय पाहायचं यावर. फाटकापासून मैदानापर्यंत एका व्हीलचेअरवाल्याने कोणाच्याही मदतीशिवाय जाऊन यायचं आणि मागून एकाने टेप घेऊन लिहीत चालायचं. दोन तास लागतील. ते द्या. हेच दोन तास तुम्हाला इथे बांधकाम करताना उपयोगी पडतील.

उतार (रॅम्प). नियमातलं प्रमाण १:१२, म्हणजे १ फूट चढायला १२ फूट लांबी. मोजायची सोपी पद्धत : १ मीटरची लेव्हल-पट्टी उतारावर ठेवा, बुडबुडा मध्ये येईपर्यंत खालचं टोक उचला, टोकाखालची फट मोजा. ८.३ सेंमी म्हणजे १:१२. त्याहून जास्त असेल तर तीव्र. मोबाइलच्या कोनमापकात हे ४.८ अंश येतं. मानेच्या इजेच्या खेळाडूला १:१२ सुद्धा एकट्याने जड जातं, त्याला १:१५ ते १:२० बरा. वळणावर दीड मीटर लांब-रुंद सपाट जागा आहे का? आणि उताराला आडवा कल नाही ना? आडव्या कलावर खुर्ची सतत एका बाजूला ओढते आणि खालच्या बाजूचा खांदा दुखावतो. आपल्याकडच्या बहुतेक रॅम्पमध्ये पाणी वाहून जावं म्हणून मुद्दाम आडवा कल देतात, तो दोष तिथेच शिरतो.

दारं. साध्या खुर्चीला ९० सेंमीचं मोकळं दार पुरतं. खेळाच्या खुर्चीला पुरेलच असं नाही. बास्केटबॉलच्या खुर्चीची चाकं वर आत आणि खाली बाहेर अशी तिरपी असतात. १८-२० अंशांच्या तिरपाईने प्रत्येक चाक खाली वरच्यापेक्षा सुमारे २० सेंमी बाहेर येतं आणि जमिनीवरची रुंदी ८५-९० सेंमीपर्यंत जाते. म्हणून सामानखोलीचं आणि हॉलचं दार मुद्दाम मोजा. दोन पाल्ल्यांचं, १२० सेंमी किंवा जास्त असेल तर ज्याने नकाशा काढला त्याला खेळ कळत होता.

संडास-न्हाणी. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. दार बाहेर उघडतं का (आत पडलेल्या माणसामुळे आत उघडणारं दार अडकतं). आत दीड मीटरचं वर्तुळ फिरतं का. भांड्याची उंची ४५ ते ४८ सेंमी आहे का, म्हणजे खुर्चीच्या आसनाशी जुळते का. भांड्याच्या शेजारी ९० सेंमी मोकळी जागा आहे, आणि ती डाव्या बाजूला की उजव्या? उजवी बाजू लुळी असलेला माणूस एका बाजूनेच सरकू शकतो, म्हणून चांगल्या केंद्रात एक डावं आणि एक उजवं अशी जोडी ठेवतात. न्हाणीत घडी होणारं आसन आणि हाताचा शॉवर. उंबरठा १२ मिमीपेक्षा उंच असला तर पुढची लहान चाकं अडकतात आणि माणूस तोंडावर पडतो.

पार्किंग : दार पूर्ण उघडून शेजारी खुर्ची लावता आली पाहिजे, त्यासाठी ३.६ मीटर रुंदी. पाण्याचा नळ बसून हाताला येतो का. लिफ्टचं बटण अंध खेळाडूला हाताने वाचता येतं का. वीज गेल्यावर लिफ्टचं काय, हेही विचारा. आपल्याकडचा उन्हाळा आणि वीज माहीतच आहे.

पोहण्याचा तलाव असेल तर काठाची उंची, उचलपाळणा आणि पाण्यात न्यायची वेगळी खुर्ची बघा. स्वतःची खुर्ची पाण्यात उतरवू देऊ नका. बेअरिंग गंजतं आणि गादी तीन दिवस वाळत नाही.

सातपुडा_पायथा
भाऊ, बठ्ठं कामनं सांगं (सगळं कामाचं सांगितलं). पण आमच्याकडे शहादा-तळोदा भागात अंध मुलं जास्त आहेत. त्यांना या टेपाचा काय उपयोग? त्यांच्यासाठी तिथे काय बघायचं?

घंटीचा_चेंडू
अंध खेळाडूंसाठी आवाज आणि हाताला लागणाऱ्या खुणा बघायच्या.

गोलबॉल म्हणजे अंधांचा, घंटीच्या चेंडूने गोल करायचा खेळ. त्याचं मैदान व्हॉलीबॉलएवढंच, १८ × ९ मीटर. गोल ९ मीटर रुंद, १.३ मीटर उंच. चेंडू १.२५ किलोचा, आत घंट्या. मैदानाच्या रेषांखाली दोरा ठेवून वरून ५ सेंमीची टेप चिकटवतात, म्हणजे तळव्याला आणि बोटांना रेष लागते. हे खर्चिक काम नाही. तिथे गेल्यावर रेषेवरून प्रत्येकाने हात फिरवून पाहावा.

हॉलचा आवाज ऐका. पत्र्याचं छत, छताचे पंखे आणि भिंतींचा घुमारा मिळून घंटीचा आवाज गिळतात. खान्देशात पंखा बंद ठेवून दुपारी सराव होत नाही, म्हणून गोलबॉलची वेळ सकाळीच ठेवावी लागते. पावसाळ्यात पत्र्यावर सरी पडत असताना सराव घेण्यात अर्थ नाही, त्या दिवशी फेकीची पद्धत शिकवा.

धावण्यात टी ११ चे (अंधांच्या वर्गातले) खेळाडू डोळ्यांवर पूर्ण पट्टी बांधून मार्गदर्शकासोबत धावतात. मध्ये दोरी असते, ताणलेल्या स्थितीत ती ३० सेंमीपेक्षा लांब चालत नाही, आणि दोरीला लवचीकपणा नको. तिथे बघायचं ते हे : हाताची लय कोण धरतो? मार्गदर्शक खेळाडूच्या पावलाशी पाऊल जुळवतो, खेळाडू मार्गदर्शकाशी नाही. नवख्या जोडीत मार्गदर्शक ओढतो. ते अपात्रतेचं कारण, आणि त्यात खेळाडूचा खांदाही पुढे फिरतो. मार्गदर्शक खेळाडूपेक्षा बराच वेगवान लागतो, कारण त्याला बोलत धावायचं असतं. आपल्या तालुक्यात अंध धावपटू मिळतात, त्यांना पुरेल असा मार्गदर्शक मिळत नाही. जाताना कॉलेजातला एक १००-२०० मीटरचा मुलगा सोबत न्याच.

लांब उडीत अंधांना फळीऐवजी १ × १.२२ मीटरचा पांढऱ्या भुकटीचा पट्टा असतो आणि उडी पायाच्या ठशापासून मोजतात. दिशा कळावी म्हणून टाळ्या वाजवणारा माणूस कुठे उभा राहतो ते पाहून घ्या.

दोन्ही अंध मुलांना आत गेल्यावर कोणी हात धरून फिरवू नका. त्यांनी तुमच्या कोपराला धरावं.

बोरीकाठ
आता फेकीबद्दल कोणी सांगा. चार खेळाडू त्यातच आहेत आणि फ्रेम (बसून फेकायची लोखंडी बैठक) इथेच बनवायचा विचार आहे.

वेल्डिंग_जळगाव
फ्रेम इथे नक्की बनते. रेसिंगची खुर्ची मात्र बनवायला जाऊ नका, त्याचं खाली लिहितो.

बसून फेकीच्या फ्रेमचे नियम आधी पाठ करा. आसनाची उंची गादीसकट ७५ सेंमीपेक्षा जास्त नको. आसन चौकोनी, प्रत्येक बाजू किमान ३० सेंमी. आसन सपाट किंवा मागे कललेलं चालतं, पुढे कललेलं नाही. धरायची दांडी एकच, सरळ, गोल किंवा चौरस छेदाची. वाकवलेली किंवा लंबगोल चालत नाही. फेकताना फ्रेमचा कोणताही भाग हलायला नको. आणि पायपट्टीसकट सगळी फ्रेम वर्तुळाच्या कड्याच्या आत राहायला हवी. वर्तुळ गोळा आणि क्लबला २.१३५ मीटर, थाळीला २.५ मीटर.

नेहमीची चूक म्हणजे सांगाडाच ७५ सेंमीचा करतात आणि वर ५ सेंमीची गादी टाकतात. स्पर्धेत मोजल्यावर बाद. सांगाडा ६८-६९ ला ठेवा, बाकी गादीने भरा.

साहित्य : ४० × ४० मिमी चौकोनी लोखंडी पाइप, जाडी २.५ ते ३ मिमी. पातळ पाइपची फ्रेम पहिल्या महिन्यात मजबूत वाटते, नंतर दांडीच्या बुडाशी वेल्डिंगला तडा जातो, कारण सगळा झटका तिथेच येतो. तिथे त्रिकोणी पट्टी मारा. दांडीसाठी २५ ते ३२ मिमीचा गोल पाइप, खाली कप्प्यात घालून बोल्टने आवळायचा, म्हणजे डावखुऱ्यासाठी बाजू बदलता येते. कप्प्यात जरा जरी खेळ राहिला तर दांडी हलते, मग पंच हरकत घेतात. जस्त चढवलेला पाइप असेल तर वेल्डिंगआधी जस्त घासून काढा, त्याचा धूर विषारी असतो.

बांधायचे पट्टे ट्रकवाले वापरतात ते ५० मिमीचे रॅचेटचे. पॉलिस्टरचे घ्या, नायलॉनचे ताणतात. खेळाडूच्या मांडी-कमरेचे पट्टेसुद्धा लवचीक नसलेलेच लागतात.

जमिनीचं आता. काळ्या कापसाच्या जमिनीत खुंट ठोकून फ्रेम बांधू नका. उन्हाळ्यात भेगा पडून खुंट ढिला होतो, पावसाळ्यात माती फुगून तो वर येतो. ४५ ते ६० सेंमी काळी माती काढा, मुरूम थराथराने पाणी मारून दाबा, वर ३ × ३ मीटरचा १५ सेंमी जाड सळईचा काँक्रीट ओटा जमिनीच्या पातळीला. ओट्यात वर्तुळाभोवती ६ ते ८ लोखंडी कड्या, कप्प्यात बुडवलेल्या, वर येणाऱ्या नकोत, नाहीतर उभ्याने फेकणारा अडखळेल. कप्प्यांना तळाशी पाणी जायला भोक ठेवा. केंद्रात गेल्यावर त्यांच्या कड्या वर्तुळाच्या कड्यापासून किती लांब आहेत ते मोजा. पट्टा जमिनीशी ४५ अंशांच्या आसपास आला तर फ्रेम दाबून धरतो, फार उभा किंवा फार आडवा आला तर फ्रेम सरकते.

क्लबसाठी जाळीचा पिंजरा हवाच. पाठ करून डोक्यावरून फेकणारे खेळाडू असतात आणि सुटलेला क्लब कुठेही जातो. फेकीचा कोन आखायची सोपी रीत : वर्तुळाच्या मध्यापासून २० मीटरवर दोन रेषांमधलं अंतर १२ मीटर ठेवा. कोनमापक लागत नाही.

चढवण्याचंही बघा. खुर्चीचं आसन ४८ सेंमी, फ्रेम ७५. खेळाडू एका दमात २७ सेंमी वर सरकू शकत नाही. मध्ये ६० सेंमीचं रुंद बैठं स्टूल ठेवलं की दोन टप्प्यांत जातो आणि सोबत्यांच्या कमराही वाचतात.

रेसिंगची खुर्ची : मोठं चाक टायरसकट ७० सेंमीपर्यंत, पुढचं ५० पर्यंत, असा नियम. पण खरी अडचण सरळपणाची आहे. मागची दोन चाकं जमिनीशी किंचित जरी एकमेकांकडे किंवा बाहेर वळलेली असली तर खुर्ची ब्रेक लावल्यासारखी जड चालते. साच्याशिवाय हे जमत नाही. तिच्यासाठी केंद्रात फक्त मापं घ्या : मांडी कुठे अडकते, गुडघा छातीपासून किती लांब, हाताचा घेर कड्याला कुठे लागतो. आणि त्यांचे रोलर बघा. मागची चाकं दोन नळ्यांवर ठेवून जागेवर सराव करायचं ते यंत्र आहे. सिंथेटिक ट्रॅक नसलेल्या ठिकाणी आणि पावसाळ्यात तोच आधार. रोलर मात्र जळगावच्या कुठल्याही लेथवर बनतो.

लोखंड_आणि_पट्टा
पॉवरलिफ्टिंगचं थोडक्यात. साध्या जिमच्या बाकावर पॅरा खेळाडूला झोपवू नका. तो बाक ३० सेंमीच्या आसपास रुंद असतो आणि तोल पाय जमिनीला टेकवून सांभाळतात. पॅरा बाक २.१ मीटर लांब, ६१ सेंमी रुंद, डोक्याकडे अरुंद होत सुमारे ३० सेंमी, उंची ४८ ते ५० सेंमी. पाय वरच लांब ठेवून पट्ट्याने बांधतात. सुताराकडून १८ मिमीच्या प्लायवर लोखंडी सांगाड्याचा बनवता येतो. गादी कडक हवी, मऊ गादीत खांदे बुडतात.

यात दुर्बलतेचे वेगळे वर्ग नाहीत, फक्त वजनगट : पुरुषांचे ४९ किलोपासून १०७ च्या वर, महिलांचे ४१ पासून ८६ च्या वर. पोलिओवाल्या भाऊंना यात चांगली संधी. बघायचं एकच : बार छातीवर थांबवणं. आपल्याकडे बार आपटून वर नेतात, तो उचल बाद. तिथल्या खेळाडूंची छातीवरची थांबण्याची वेळ मोजा आणि घरी तीच ठेवा. वजन १५-२० टक्क्यांनी कमी करावं लागेल, ते करा.

फिजिओ_चोपडा
सगळ्यांनी सामानाचं सांगितलं, मी शरीराचं सांगते. हा भाग यादीत शेवटी टाकू नका.

त्वचा. रेल्वेत आणि गाडीत १२-१५ तास बसणं पॅराप्लेजियाच्या माणसासाठी खेळापेक्षा धोक्याचं आहे. दर २०-३० मिनिटांनी १-२ मिनिटं पुढे वाकून किंवा बाजूला कलून ढुंगणावरचा भार काढायचा. नुसतं हातावर उचलून दोन सेकंदांत खाली बसणं पुरत नाही. सोबत्याने मोबाइलवर गजर लावावा. हवेची गादी असेल तर हात घालून बघा : सगळ्यात खालच्या हाडाखाली साधारण १.५ ते २.५ सेंमी हवा हवी. उन्हात हवा फुगते आणि रात्री एसीत कमी होते, म्हणून सकाळ-संध्याकाळ तपासा. मुक्कामी पोहोचल्यावर आरशाने त्वचा बघा. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर तो खेळाडू त्या दिवशी बसणार नाही. मग समोर कितीही चांगला सराव चालू असला तरी.

लघवी. कॅथेटर दर ४-६ तासांनी असेल तर थांबे त्याप्रमाणे ठरवा. "रस्त्यात संडास नाही म्हणून पाणीच पीत नाही" हे बंद करा. त्याने संसर्ग होतो आणि गाव सोडल्यावर दुसऱ्या दिवशी ताप येतो. कॅथेटर मोजून लागतील त्याच्या दीडपट न्या.

मानेच्या इजेचा खेळाडू. छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर इजा असली की खालच्या शरीराला घाम येत नाही. जळगाव-भुसावळात मे महिन्यात ४४-४५ अंश होतं, तेव्हा तो काही मिनिटांत तापतो. पाण्याची फवारणी बाटली, ओला पंचा, हातपंखा सोबत हवा. पाणी पिऊन शरीर गार होत नाही, त्वचेवर मारावं लागतं.

याच खेळाडूत अचानक डोकं ठणकणं, चेहरा लाल होणं, इजेच्या वर घाम आणि रक्तदाब एकदम वाढणं असं झालं तर तो जिवावरचा प्रसंग आहे. लगेच सरळ बसवा, झोपवू नका. पट्टे, बूट, कमरेचा पट्टा सैल करा. कॅथेटरची नळी दुमडली आहे का बघा, पिशवी भरली असेल तर रिकामी करा. बहुतेक वेळा कारण तिथेच असतं. दोन-चार मिनिटांत उतरलं नाही तर दवाखाना. काही खेळाडू जोर वाढवण्यासाठी हे मुद्दाम घडवून आणतात. त्यावर बंदी आहे आणि त्यात मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. तुमच्या मुलाला कोणी हा "उपाय" सांगितला तर तिथेच थांबवा.

कृत्रिम पायवाली ताई. रात्रभर पाय काढून झोपली आणि खुंटाला (पायाच्या उरलेल्या भागाला) आवळणारा मोजा घातला नाही, तर सकाळी खुंट सुजतो आणि पाय बसत नाही. दुपारपर्यंत चालून तो आकसतो, मग सैल होतो. वेगवेगळ्या जाडीचे ३-४ मोजे आणि लायनर (खुंटावर चढवायचं मऊ आवरण) पुसायला कोरडा पंचा ठेवा.

मापपट्टी
फिजिओ ताईंच्या मुद्द्यात जोड. केंद्रात थंड करण्याची सोय कुठे आहे ते नकाशावर खूण करा : मैदानाच्या कडेला सावली, बर्फ, फवारा. आपल्या संकुलांत रॅम्प होतो, पण फेकीच्या वर्तुळावर सावली कोणी करत नाही. उभ्याने फेकणारा फेकून सावलीत जातो. बसून फेकणारा फ्रेमवर बांधलेला असतो आणि आपल्या सगळ्या फेकी सलग उन्हात टाकतो. लोखंडी फ्रेमसुद्धा तापते, आणि ज्याला पायाची जाणीव नाही त्याला मांडी भाजलेली कळत नाही. वर्तुळाच्या मागे हलवता येणारा हिरव्या जाळीचा मांडव करा. फ्रेमला पांढरा रंग द्या, दांडीला सुती पट्टी गुंडाळा.

सातपुडा_पायथा
तालुका संकुलाला हे सगळं मागायचं तर कशाच्या आधारावर?

पांझरा_धुळे
दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चं कलम ३० खेळांबद्दल आहे, त्याचा उल्लेख करून जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना अर्ज द्या. पण "सुगम्य करा" असं मोघम लिहू नका. भेटीतली मापं आणि फोटो जोडून तीनच मागण्या करा : सकाळी ६ ते ८ राखीव वेळ, बाहेर उघडणाऱ्या दाराचं एक संडास, आणि कड्यांचा एक ओटा. तिन्हींचा खर्च स्थानिक गुत्तेदाराकडून लिहून घेऊन जोडा. अंदाजपत्रक जोडलेला अर्ज परत पाठवायला कारण लागतं.

बोरीकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं ते असं : फेकीचे चौघं, कॅलिपरवाले भाऊ आणि एक सोबती वेल्डर ग्वाल्हेरला, बाकीचे नंतर गांधीनगरला. एकदम १४ जण नेण्यापेक्षा हे बरं वाटतं. कॉलेजचा धावपटू दुसऱ्या गटात. टेप, १ मीटरची लेव्हल, आरसा, जास्तीच्या खिळी, अ‍ॅलन पाने, फवारणी बाटली यादीत घेतलं. जिल्ह्याच्या ठिकाणी फाईली तपासून घेतो. ग्वाल्हेरची वेळ डिसेंबरची मागतोय. काही राहिलं का?

फिजिओ_चोपडा
डिसेंबरात ग्वाल्हेरची थंडी आपल्यापेक्षा बरीच जास्त. मानेच्या इजेच्या खेळाडूला जसा उष्मा झेपत नाही तसाच गारठाही. टोपी, दोन थरांचे कपडे, पायात लोकरी मोजे. पायाची जाणीव नसलेल्यांच्या अंथरुणात गरम पाण्याची पिशवी किंवा शेगडी ठेवू नका, भाजल्यावर सकाळीच कळतं. पांघरूण आधी सोबत्याच्या अंगाखाली गरम करून द्या. आणि थंडीत ताठपणा वाढतो, म्हणून सकाळच्या सरावाला नेण्याआधी अर्धा तास सांधे हलवून घ्या, तेवढा वेळ धरून उठा.

वेल्डिंग_जळगाव
वेल्डर भाऊंना सांगा, फ्रेमचे फोटो काढताना शेजारी टेप धरूनच काढा. आणि वरून काढलेल्यापेक्षा खालून, पालथी करून काढलेला फोटो मागा. जोड तिथे दिसतात.